चाळीस खाचा

शहरात सलग सोळा दिवस पाऊस कोसळत होता आणि शहरात पाणीकपात चालू होती. नळ दिवसाआड, तोही एकच तास. रस्त्यावरून पोटऱ्यांपर्यंत पाणी वाहायचं आणि त्या पाण्यातून वाट काढत पाणीपुरवठा कार्यालयाची गाडी भोंग्यावरून सांगत फिरायची, की नागरिकांनी पाणी जपून वापरावं, वाहनं धुऊ नयेत, धुतल्यास दंड होईल. एके दिवशी ही गाडीच चौकात बंद पडली. लोकांनी कमरेएवढ्या पाण्यातून ती ढकलत बाहेर काढली. बाहेर आली तेव्हा ती इतकी लखलखीत धुतली गेली होती, की ढकलणाऱ्यांपैकी एकाने ड्रायव्हरला शांतपणे विचारलं, "आता हिचा दंड कुणाकडे भरायचा?"

तसं बघितलं तर यात कुणाची चूक नव्हती. शहर टेकडीच्या अलीकडे होतं आणि तलाव पलीकडे. ढग यायचे, टेकडीशी आले की त्यांना दम लागायचा, आणि सगळं ओझं अलीकडेच टाकून ते मोकळे व्हायचे. पलीकडे नुसती भुरभुर. शहरावर पडलेलं पाणी गटारातून नदीला आणि नदीतून समुद्राला जायचं, प्यायला ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. नियम एका ओळीचा होता: तलावाची पातळी बावीस फुटांवर गेली की कपात उठेल. आणि पातळी गेले नऊ दिवस एकवीसवर ठाण मांडून बसली होती.

ही पातळी रोज बघून कळवणाऱ्या माणसाला सगळे काटेकोर म्हणत. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. रोज सकाळी सातला तो सायकलने टेकडी ओलांडायचा, तलावाकाठच्या पंपघरात शिरायचा, दुर्बीण शर्टाच्या टोकाने तीनदा पुसायचा आणि खिडकीतून पाण्यात उभ्या असलेल्या मनोऱ्याकडे बघायचा. मनोऱ्यावर उभी लाकडी मोजपट्टी होती, फुटाफुटाला खाच आणि प्रत्येक खाचेपाशी पांढऱ्या रंगात आकडा. पाण्याला लागून जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा आणि कार्यालयात फोन करायचा. वहीत शेवटी शेरा लिहायची जागा होती. तिथे तो 'निरंक' लिहायचा. तीस वर्षांत त्या रकान्यात दुसरा शब्द पडला नव्हता.

घरीही तोच प्रकार. चपला दाराशी एका रेषेत. भाजीत मीठ घालायचा चमचा वरून सुरीने सपाट केलेला. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्याने बायकोला हे शिकवायला घेतलं तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, हा स्वयंपाक आहे, औषध नाही." त्यानंतर चमचा तिने स्वतःकडे घेतला आणि संसार सुरळीत चालला.

कपातीच्या दिवसांत मात्र त्याला बाहेर पडायची चोरी झाली. लोकांना वाटायचं, पातळी हाच माणूस अडवून धरतो. न्हाव्याने एकदा वस्तरा त्याच्या गळ्यावर ठेवला आणि हात थांबवून विचारलं, "बावीस कधी होणार?" काटेकोर मान न हलवता म्हणाला, "मी पातळी वाचतो, वाढवत नाही." न्हावी बराच वेळ विचार करत राहिला. वस्तराही तिथेच राहिला.

पण न्हाव्याचं सोडा. खरी अडचण घरात बसली होती, अगदी बैठकीच्या खोलीत, खुर्चीवर. तो त्याचा मेव्हणा.

मेव्हण्याची लॉन्ड्री होती. आई लवकर गेल्यामुळे बहिणीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि लग्न झाल्यावर तीच त्याला या शहरात घेऊन आली होती. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान, दुकानामागे त्याची खोली, आणि दोन वेळचं जेवण बहिणीकडे. कपातीच्या नियमात लॉन्ड्र्या पूर्ण बंद होत्या. पाऊस सुरू झाल्यावर त्याने डोकं चालवलं. छपराच्या पन्हाळीखाली पिंपं लावली आणि लॉजच्या चादरी पावसाच्या पाण्यात धुऊन दिल्या. पण त्याच्या छपरावर कबुतरांची तीन पिढ्यांची वस्ती होती. चादरी पांढऱ्या गेल्या आणि नकाशे होऊन परत आल्या. लॉजवाल्याने त्या एकेक उलगडून त्याला दाखवल्या, आणि गिऱ्हाईक तुटलं.

आता त्याने ठरवलं होतं. दूरच्या शहरात ओळखीच्या एकाची मोठी लॉन्ड्री होती, तिथे इस्त्रीवर माणूस हवा होता. सोमवारच्या गाडीने जायचं, दुकानाची चावी घरमालकाला द्यायची. त्याआधी कपात उठली तर राहायचं. हे त्याने जेवताना सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्याची बहीण नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागली. भांडली असती तर काटेकोरला बरं वाटलं असतं. ती नुसती ताट वाढायची आणि विचारायची, "आज किती?"

"एकवीस."

"बरं."

त्या 'बरं'वर त्याला घास गिळवायचा नाही.

गुरुवारी दुपारी तो ओल्या रेनकोटासह घरी आला तेव्हा मेव्हणा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काटेकोरचा फोटो होता, फ्रेम करून लावलेला. गेल्या उन्हाळ्यात तलाव बारा फुटांवर गेला तेव्हा एका वर्तमानपत्राने तो छापला होता. होडीत उभा असलेला काटेकोर, पाठीमागे मोजपट्टी, चेहऱ्यावर आपण नसतो तर या शहराचं काय झालं असतं असा भाव. खाली छापलं होतं, 'चुकणं माहीत नसलेला माणूस'. ही ओळ पाहुण्यांना नीट वाचता यावी म्हणून फ्रेमवर छोटा दिवा होता.

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"चौदा दोनदा असतात का?"

"कुठे?"

"तुमच्या पट्टीवर."

काटेकोर हसला. मेव्हणा उठला, त्याने फोटो भिंतीवरून काढला आणि भावोजींच्या हातात दिला. "माझा धंदाच चिठ्ठ्यांचा आहे. कपड्याला लावलेल्या नंबरात एक नंबर दोनदा आला, तर याची पँट त्याच्या घरी जाते आणि मला शिव्या बसतात. असा नंबर मला झोपेतही दिसतो. तुमच्या कोपरापाशी बघा."

काटेकोरने बघितलं. कोपराच्या खाली तेरा. कोपरापाशी चौदा. त्याच्या वर चौदा. मग पंधरा, सोळा. त्याने दुर्बीण काढली, तिच्यातून काही दिसेना कारण फोटो हातातच होता, मग ती बाजूला ठेवून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितलं. दोन्ही चौदा जागेवर होते आणि दोन्हींचं अक्षर त्याचंच होतं.

मग त्याला एकेक आठवत गेलं आणि तो खुर्चीत बसला.

अकरा वर्षांपूर्वी तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केला होता. जुनी पट्टी कुजली होती म्हणून एका सुताराकडून नवी करून घेतली. चाळीस फूट, चाळीस खाचा. आकडे कुणी रंगवायचे हा प्रश्न आला तेव्हा काटेकोरने रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. स्वतः परांचीवर चढला, खालून एक, दोन, तीन असं रंगवत चौदापर्यंत गेला, आणि जेवायला खाली उतरला. डबा खाल्ला. त्या दिवशी बायकोने मनापासून केलेलं होतं, थोडा डोळा लागला. उठून वर गेला आणि कुठे होतो, चौदा, असं स्वतःला सांगून पुढे रंगवू लागला. संध्याकाळी सगळ्यात वरच्या खाचेपाशी पोचला तेव्हा आकडा आला एकोणचाळीस.

दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, आपलंच काहीतरी चुकलं. काटेकोरला वाटलं, सुताराने एक खाच कमी पाडली. त्याने त्याच दिवशी कार्यालयाला पत्र लिहिलं. सुतार येऊन सांगत राहिला, साहेब, चाळीस आहेत, मोजून बघा. पण काटेकोरने लिहून दिलं होतं, मग मोजायचं कशाला? आणि दोन दिवसांत पट्टीचा खालचा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर कार्यालयाने त्या सुताराला काम दिलं नाही. अकरा वर्षं तो रस्त्यात समोर आला की पलीकडच्या बाजूला जायचा, आणि काटेकोरला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं असतं तसं काहीतरी असणार.

आणखी एक आठवण फारच टोचली. त्याच गेल्या उन्हाळ्यात पातळी चौदावर आली आणि दुप्पट दिवस चौदावरच राहिली. काटेकोरने तेव्हा सर्वांना ऐकवलं होतं, की ही बचतीची कमाल. मोठ्या साहेबांना त्याबद्दल वरून प्रशस्तिपत्र आलं होतं.

"म्हणजे," मेव्हणा हळूच म्हणाला, "वरचे सगळे आकडे एकेकाने कमी. पट्टीवर एकवीस म्हणजे..."

"बावीस," काटेकोर म्हणाला.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. नऊ दिवस शहर उगाच दिवसाआड आंघोळ करत होतं, आणि तिचा भाऊ उगाच बॅग भरत होता.

"अहो," ती म्हणाली, "मग उद्या बावीस लिहा."

सोपं होतं. पातळी खरोखर बावीस होती, त्यामुळे खोटंही होणार नव्हतं. कुणाला काही कळणार नव्हतं. मेव्हणा राहिला असता, लॉन्ड्री उघडली असती आणि फोटो भिंतीवर परत गेला असता. काटेकोरला त्या संध्याकाळी हे इतकं पटलं, की त्याने दिव्याचं बटणही लावून बघितलं.

शुक्रवारी सकाळी सातला तो पंपघरात बसला. दुर्बीण तीनदा पुसली. पट्टीवर एकवीस दिसत होते. त्याने पेन टेकवलं आणि बावीस लिहायला गेला, पण हात चालेना. जे दिसतं ते लिहायचं, ही तीस वर्षांची सवय होती. दिसत होतं ते चूक होतं, लिहायचं होतं ते बरोबर होतं, आणि तरी ते लिहिणं लबाडीच होती. अर्धा तास त्याचं असं झालं, की पंप चालवणारा माणूस दोनदा डोकावून बरं नाही का विचारून गेला. शेवटी त्याने लिहिलं, एकवीस. आणि शेऱ्याच्या रकान्यात तीस वर्षांत पहिल्यांदा 'निरंक' सोडून काहीतरी लिहिलं: 'तलावात बावीस. चूक माझी.'

मग वही आणि फोटो रेनकोटात गुंडाळून तो थेट मोठ्या साहेबांकडे गेला.

साहेबांच्या खोलीत छत गळत होतं. टेबलावर बादली होती आणि तिच्यावर चिठ्ठी, 'हे पाणी वापरण्यास मनाई'. साहेबांनी फोटो बघितला, वही बघितली, आणि भिंतीवरच्या आपल्या प्रशस्तिपत्राकडे बघितलं.

"तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

"घरी."

"घरी म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळीकडे." साहेबांनी उसासा सोडला. "हे बघा, फोटो हा काही कागद नाही. कागद काय सांगतो?" त्यांनी फाईल मागवली. फाईल इतकी जुनी होती की तिला बांधलेली दोरी हातात आली. आत काटेकोरचं पत्र होतं, वळणदार अक्षरात: 'सुताराने चाळीसऐवजी एकोणचाळीस खाचा पाडून फसवणूक केली आहे.' त्याखाली काम ताब्यात घेतल्याचा फॉर्म होता. एकोणचाळीस लिहिलेल्या त्या फॉर्मवर सुताराने सही केलीच नव्हती. म्हणजे कागदोपत्री ती पट्टी अकरा वर्षं कार्यालयाच्या ताब्यातच नव्हती, आणि सगळं शहर तिच्यावर पाणी पीत होतं.

"दोन रस्ते," साहेब म्हणाले. "एक, समिती नेमायची. तीन महिने. तोपर्यंत पट्टी वादात, म्हणून कपात चालू. दुसरा, तुम्ही पत्र मागे घ्यायचं आणि सुताराने या फॉर्मवर चाळीस लिहून सही करायची. मग फाईल बंद, आकडा दुरुस्त, आणि आजच्या आज कपात रद्द. पण तो सही करेल?"

काटेकोरने फॉर्म उचलून रेनकोटात ठेवला. सुताराच्या जागी तो स्वतः असता तर त्याने केली नसती.

सुताराचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. दारात फळ्या टाकून पाणी अडवलं होतं. सुतार एका खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होता. त्याने काटेकोरला बघितलं, आणि पलीकडच्या बाजूला जायला इथे पलीकडची बाजू नव्हती, म्हणून रंधा मारतच राहिला.

काटेकोर दारातच उभा राहिला. वाटेत त्याने मुद्दे पाठ केले होते, क्रमाने. त्यातला एकही आठवेना.

"मिस्त्री," तो म्हणाला, "चूक माझी होती. मी चौदा दोनदा रंगवले."

रंधा थांबला.

"जेवून वर गेलो आणि पुन्हा चौदापासून सुरू केलं. तुम्ही चाळीस पाडल्या होत्या. मी तुम्हाला चोर ठरवलं." त्याने फोटो पुढे केला. सुताराने तो घेतला, बोटावर लागलेला भुसा झटकला, आणि एकदा, दोनदा त्या दोन चौदांवर बोट फिरवलं. खाली छापलेली ओळही त्याने वाचली. 'चुकणं माहीत नसलेला माणूस'. तो हसला नाही.

"आत या," तो म्हणाला.

आतल्या भिंतीवर, करवतींच्या वर, एक लांब बारीक पट्टी आडवी टांगलेली होती. भिंत पुरली नव्हती म्हणून ती कोपऱ्यातून वळवून दोन तुकड्यांत बसवली होती. तिच्यावर ठरावीक अंतराने रेघा होत्या.

"हा साचा," सुतार म्हणाला. "याच्यावरून खाचा पाडल्या. त्या दिवशी घरी आणला आणि इथे लावला. म्हटलं, कुणीतरी कधीतरी मोजायला येईल. बायको म्हणायची, जाळून टाका, जागा अडते. मी म्हटलं, राहू दे." त्याने काठी उचलून काटेकोरच्या हातात दिली. "मोजा."

काटेकोरने एकेका रेघेवर काठी टेकवत मोठ्याने मोजायला सुरुवात केली. बाहेर पाऊस इतका होता, की त्याला ओरडावं लागत होतं. दारात आडोशाला उभे असलेले दोघेतिघे वाकून बघू लागले. तेरा झाले, चौदा झाले, आणि काठी तिथेच थांबली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुढची रेघ दिसेना. अकरा वर्षं हा माणूस रस्ता बदलत होता तो लाजेने नव्हे, रागाने. आणि तो राग सगळा खरा होता.

"पंधरा," सुतार मागून म्हणाला.

"पंधरा," काटेकोर म्हणाला, आणि चाळीसपर्यंत गेला.

सुताराने सही केली. पण सही करण्याआधी त्याने एक अट घातली, आणि काटेकोरने ती वाटाघाटी न करता मान्य केली. दुपारी चारला कपात उठल्याचं जाहीर झालं. गाडी भोंगा लावून फिरली, आणि भोंग्यावरून नेहमीच्या आवाजाऐवजी काटेकोरचा आवाज आला: "कपात रद्द झाली आहे. पातळी नऊ दिवसांपूर्वीच बावीस झाली होती. चूक माझी होती. मिस्त्रींनी खाचा चाळीसच पाडल्या होत्या." गल्लोगल्ली, पूर्ण अडीच तास. न्हाव्याने दुकानाबाहेर येऊन ऐकलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी दाढीला या, बोलू."

त्या संध्याकाळी घरी मेव्हण्याने बॅग रिकामी केली. बहिणीने त्याला दोनदा जेवायला वाढलं आणि नवऱ्याला तीनदा. "आज किती?" असं तिने विचारलं नाही. फोटो मात्र तिने परत भिंतीवर लावला. काटेकोर नको म्हणाला तर ती म्हणाली, "राहू दे. मला आवडतो. दिवा तेवढा काढा."

सोमवारी मेव्हण्याची गाडी त्याच्याशिवाय गेली. लॉजवाला स्वतः चादरी घेऊन आला, कबुतरांच्या नकाशांसकट, आणि लॉन्ड्रीचा नळ सोडल्याचा आवाज काटेकोरला टेकडी चढतानाही ऐकू आल्यासारखा वाटला. त्याच सोमवारी पट्टीवरचे आकडे बदलायचे होते. काटेकोर आणि सुतार होडी घेऊन मनोऱ्यापाशी गेले. तिथे नेहमीसारखी भुरभुर होती, म्हणून सुताराने छत्री धरली. छत्री रंगाच्या डब्यावर होती, काटेकोरवर नव्हती. दुपारचा डबाही सुताराच्या पायाशी होता. काटेकोरच्या बायकोने तो त्याच्याच हातात दिला होता आणि बजावलं होतं, चाळीस झाल्याशिवाय यांना उघडू द्यायचा नाही.

काटेकोर शिडीवर चढला. पाण्याखालचे आकडे उन्हाळ्यावर सोडून, पाण्याला लागून असलेला एकवीस त्याने खरवडला आणि बावीस लिहिलं. मग तेवीस. प्रत्येक आकड्याआधी तो खाली बघायचा, सुतार आकडा म्हणायचा, आणि मगच ब्रश टेकायचा. दोन वाजले, भूक लागली, डब्याचा वास शिडीपर्यंत येत होता. एकतीसला त्याने विचारलं, थोडं थांबूया का. सुतार म्हणाला, "बत्तीस."

सगळ्यात वरच्या खाचेपाशी तो पोचला तेव्हा हात भरून आले होते. तिथे अकरा वर्षांपूर्वी रागारागाने रंगवलेला एकोणचाळीस होता, बाकी आकड्यांपेक्षा जाड. त्याने तो सावकाश खरवडून काढला. मग खाली बघितलं. या वेळी सुतार काही बोलला नाही. तो छत्री धरून वर बघत वाट पाहत होता.

"चाळीस," काटेकोर म्हणाला.

"हो," सुतार म्हणाला. "चाळीस." आणि त्याने डबा उघडला.